बाटली हाताळताना अपघात झाला

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा फोन आला तेव्हा मला वाटलं नंबर चुकला. अंकाचं काम बघणारी बाई आमच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी निघाली. म्हणाली, "मावशी, लॅबमध्ये तुम्ही एवढी वर्षं काढलीत, तेच लिहा. आमच्या गमतीजमती लिहा." गमतीजमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एकदोन सांगतेही. पण एक गोष्ट वगळून बाकीचं लिहायला बसले तर हात पुढे सरकेना. म्हणून तीच लिहिते आहे. शाळेचं नाव घालत नाही. शाळा चालू आहे, चांगली आहे, आणि आज तिथे जी माणसं आहेत त्यांचा यात काही दोष नाही.

शाळा नगर जिल्ह्यातली, कॅथलिक मिशनची. पाचवी ते बारावी. अकरावी-बारावी सायन्सला नेवासा, राहुरी, श्रीरामपूर अशा सगळ्या बाजूंनी मुलं येतात. इथून मेडिकलला, इंजिनियरिंगला, फार्मसीला मुलं लागतात अशी ख्याती आहे. लांबच्या मुलींसाठी सिस्टरांचं वसतिगृह आहे. मी तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते.

म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. माझी सख्खी नणंद कित्येक वर्षं लोकांना सांगत होती की आमची सुमन शाळेत भांडी घासते. ते काही अगदीच खोटं नाही. टेस्टट्यूब, ब्युरेट, पिपेट घासणं हे कामच होतं, आणि ते नीट झालं नाही तर मुलाचं उत्तर चुकतं. पण खरं काम त्याच्या आधीचं. उद्या कोणता प्रयोग आहे ते बघायचं, त्याची द्रावणं आज करून ठेवायची, वीस जणांच्या बॅचला वीस जागा मांडायच्या, बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या. तीव्र ॲसिडच्या मोठ्या बाटल्या कपाटात कुलूपबंद ठेवायच्या आणि मुलांसमोर फक्त पातळ केलेलं ॲसिड जाईल हे बघायचं. प्रयोग सर शिकवतात. तो बिनधोक व्हावा, हे असिस्टंटने बघायचं.

हे काम मला माझ्या नवऱ्यामुळे मिळालं. शांतवन त्याच प्रयोगशाळेत असिस्टंट होते. आम्ही मूळचे कोल्हारचे. मनमाड रस्त्यावर त्यांच्या सायकलला ट्रकने उडवलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, दहावी पास, पदरात मुलगी. त्यांच्या जागेवर मला घेतलं. पहिल्याच दिवशी माझ्या हातून टेस्टट्यूबचं अख्खं खोकं पडलं. मी खाली बसून काचा गोळा करत रडायला लागले. तेव्हा रसायनशास्त्र शिकवणारे फादर इनास माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "फुटलेल्या मोजत बसू नकोस. उरलेल्या किती ते सांग."

फादर इनास वसईकडचे. उंच, किडकिडीत, पांढऱ्या झग्याच्या बाह्यांना ॲसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. धर्मगुरू होते तरी मुलं त्यांना घाबरत नसत. मला इंग्रजी लेबलं वाचता येत नव्हती. फादरांनी मला आधी वाण्याच्या दुकानातली केमिस्ट्री शिकवली. एक एक बाटली हातात देऊन विचारायचे, "हे काय?" कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. निळं मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. सोरा, तुरटी, धुण्याचा सोडा. मला सगळी नावं माहेरच्या घरातून माहीत होती, फक्त ती केमिस्ट्री आहे हे माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी लेबलाशिवाय बाटल्या ओळखायला लागले.

एका वर्षी बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक फार संशयी होते. आम्ही मुलांना क्षार आधीच सांगून ठेवतो असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी सकाळी स्वतः सगळ्या बाटल्यांवरची नावं काढली आणि नंबर टाकले. दुपारी नंबरांची यादी त्यांच्याकडूनच हरवली. आता मुलांनी काय ओळखलं ते बरोबर की चूक, ठरवणार कोण? मी एक एक बाटली उघडली, रंग पाहिला, वास घेतला, दोनचार क्षार ज्योतीवर धरले आणि बाराही क्षार सांगितले. परीक्षकांनी विचारलं, "बाई, शिक्षण किती तुमचं?" मी म्हटलं, "दहावी." मागून फादर म्हणाले, "दहावी, आणि माझ्याकडची अठरा वर्षं."

त्यानंतर कितीतरी दिवस मी जमिनीवरून दोन बोटं वर चालत होते.

सरकारी नियमाप्रमाणे फादर निवृत्त झाले तरी संस्थेने त्यांना विनाअनुदानित तुकडीवर शिकवायला ठेवलं. त्यांनाही दुसरं काही नको होतं. सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी एकाच जर्नलवर एकाच पानाखाली दोनदा सही केली. मुलं हसली, तेही हसले. मग एकदा मला म्हणाले, "शांतवन, बर्नर बंद कर." शांतवन जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. मी बर्नर बंद केला. दुरुस्त करावं असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर ते नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायला बरं वाटलं.

हळूहळू वाढत गेलं. काल काय शिकवलं ते आठवत नसे. चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र लख्ख. समीकरणं फळ्यावर न अडखळता लिहायचे. मग मी चिठ्ठ्या करायला लागले. त्यांच्या टेबलावर रोज सकाळी मोठ्या अक्षरात, आज कोणती बॅच, कोणता प्रयोग, किती ग्रॅम, किती मिली. ते अडले की मागून म्हणायचे, "फादर, आज मोहर सॉल्टचा प्रयोग आहे ना? ब्युरेट भरून ठेवल्यात." ते म्हणायचे, "हो हो, तेच सांगत होतो." मुलं पहिल्यांदा एकमेकांकडे बघून खुदकन हसत. पुढे हसेनाशी झाली. मला वाटलं, त्यांना सवय झाली.

त्या बॅचमध्ये प्रणाली होती. सोनईची. वडिलांची पिठाची गिरणी, ही वसतिगृहात राहायची. बडबडी, प्रत्येक गोष्टीला "फादर, असंच का?" विचारणारी. तिला फार्मसीला जायचं होतं. मला म्हणायची, "मावशी, माझं मेडिकल निघालं ना, की गल्ल्यावर तुम्हीच बसायचं. वासावरून औषधं ओळखायची." फादर तिच्या प्रश्नांवर खूश असत. बाकी सगळ्यांची नावं ते विसरले, तिचं नाव उशिरापर्यंत राहिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिका सिस्टर मार्था यांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"सुमन, खरं सांग. फादर ठीक आहेत ना? परवा प्रार्थनेला ते मध्येच थांबले. शिकवताना काही अडचण होते का?"

त्या खोलीतली भिंत, कॅलेंडर, सिस्टरांच्या हातातला चष्मा, सगळं आजही समोर दिसतं. उत्तर माझ्या तोंडात होतं. पण त्याच आठवड्यात फादर मला खिडकीशी उभं राहून म्हणाले होते, "मला इथून काढलं तर मी कोण, हेच मला कळणार नाही. तू बघ जरा." हे ज्या माणसाने मला उभं केलं तो म्हणत होता.

मी म्हटलं, "ठीक आहेत, सिस्टर. वय झालंय, एवढंच."

"या परीक्षा झाल्या की त्यांना विश्रांती देऊ," सिस्टर म्हणाल्या. मी हिशेब केला, तीन महिने. तीन महिने आपण काढू. हात विसरत नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं. डोक्याने सोडलं तरी चाळीस वर्षं तेच काम केलेले हात आपलं आपण करत राहतील.

जानेवारीअखेर सरावाची प्रात्यक्षिकं चालू होती. मी कपाट उघडून छोट्या बाटल्या भरत होते. तेवढ्यात शिपाई सांगत आला की नगरहून काचसामानाचा टेम्पो आलाय, ड्रायव्हर थांबायला तयार नाही, सामान बघून सही करा. मी फादरांकडे पाहिलं. त्या दिवशी ते चांगले होते. चेहरा स्वच्छ होता. म्हणाले, "जा तू सुमन, मी आहे ना."

किल्ली कपाटाच्या कुलपातच राहिली. पाच मिनिटांत येतेच आहे, म्हणून राहिली.

पुढचं मी पाहिलं नाही, मुलांनी सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "फादर, डायल्यूट सल्फ्युरिक संपलं." एरवी ते मला हाक मारत. त्या दिवशी स्वतः उठले, उघड्या कपाटातून तीव्र ॲसिडची मोठी बाटली काढली, बीकरमध्ये ओतली, आणि मग पाण्याचा जग उचलला. ॲसिड पातळ करायचं तर आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड थोडं थोडं सोडायचं. उलट केलं तर पाणी पडताक्षणी ते उकळून उडतं. हे फादर दर वर्षी पहिल्याच तासाला तीनतीनदा मुलांकडून म्हणवून घ्यायचे. पहिल्या बाकाशी प्रणाली होती. ती ओरडली, "फादर, उलटं होतंय!" आणि त्यांचा हात धरायला पुढे वाकली.

किंकाळी मला गेटपर्यंत ऐकू आली. मी धावत आले तेव्हा ती डोळ्यावर हात दाबून जमिनीवर बसली होती, आणि फादर जग हातात धरून विचारत होते, "कोण रडतंय? काय झालं?"

मी तिला ओढत नळाखाली नेलं. डोळ्यात ॲसिड गेलं तर पाणी, पाणी आणि पाणी, दुसरं काही नाही, हे मला पाठ होतं. पण टाकीत पाणी कमी होतं, नळाला करंगळीएवढी धार. मुलींनी वसतिगृहातून बादल्या आणल्या. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन तांब्याने पाणी सोडत राहिले. ती सारखी म्हणत होती, "मावशी, फादरांना लागलं का? त्यांना बघा." संरक्षक चष्म्यांचं खोकं त्याच कपाटात वरच्या फळीवर होतं. मुलांना चष्मे घालायला लावणं हे माझ्या कामात होतं. मुलं कुरकुरतात म्हणून मी कधीच सोडून दिलं होतं.

नगरला नेलं, तिथून पुण्याला. गालावरचे डाग पुढे फिकट झाले. डावा डोळा गेला.

आठ दिवसांनी संस्थेच्या मुख्य कार्यालयातून एक फादर आले. सिस्टर मार्था, ते आणि मी. मला लेखी खुलासा द्यायचा होता. मी काय घडलं ते तोंडी सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचंही सांगितलं. सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग इतक्या हळू म्हणाल्या की मला पुढे वाकावं लागलं, "मी तुला विचारलं होतं, सुमन."

आलेले फादर समजूतदार होते. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "फादर इनासांना आता काही कळत नाही. त्यांचं नाव पेपरात, पोलिसात गेलं तर चाळीस वर्षांचं काम एका दिवसात मातीत जाईल. मुलीचा सगळा खर्च आपण करू. तू फक्त तुझ्यापुरतं लिही." कागद त्यांनीच सांगितला, मी लिहिला. "मी टेम्पो बघण्यासाठी गेले असता कपाटाची किल्ली कुलपात राहिली. माझ्या गैरहजेरीत तीव्र आम्लाची बाटली हाताळताना अपघात होऊन कुमारी प्रणाली हिला इजा झाली. कुलूप न लावल्याबद्दल मी जबाबदार आहे."

मला वाटलं, मी सगळं माझ्या अंगावर घेते आहे. फादरांना वाचवते आहे. घरी येईपर्यंत मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटत होता. तो कागद पुन्हा वाचा. बाटली हाताळताना. कुणी हाताळताना, ते त्यात नाही. मग वाचणारा काय समजेल? सोनईत लोक तेच समजले. बाई बाहेर गेल्या, कपाट उघडं राहिलं, पोरीने आगाऊपणा केला.

माझ्या दोन वेतनवाढी बंद झाल्या, ते माझं मी भोगलं. प्रणालीने ते वर्ष सोडलं. पुढच्या वर्षी बाहेरून आर्ट्सला बसली असं कळलं. मी तिला भेटायला गेले नाही. सुरुवातीला दवाखान्यात दोनदा गेले होते, तेव्हा तिच्या आईने मला पाणी दिलं, बसायला दिलं. तो कागद शाळेने तिच्या वडिलांना वाचून दाखवल्यानंतर मी गेले नाही. दर वर्षी ईस्टरच्या आधी चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली देताना, मी हे सांगत आले. आतून क्षमेचे शब्द येत, मी गुडघ्यावरून उठत असे. पण जाळीपलीकडच्या फादरांनी ते सोनईला जाऊन सांगायचं नसतं. ते माझं मला सांगायचं होतं.

फादर इनासांना अपघातानंतर महिन्याभरातच वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात हलवलं होतं. मी वर्षातून एकदोनदा जायचे. ते त्यांच्या गावाकडच्या बोलीत माझ्याशी बोलत, मला अर्धंच कळे. मध्येच मराठीत विचारत, "आज कोणती बॅच?" मी म्हणायचे, "आज सुट्टी, फादर." ते म्हणायचे, "बरं झालं." एकदा माझा हात धरून म्हणाले, "एक मुलगी होती, फार प्रश्न विचारायची. पास झाली ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

अपघातानंतर नऊ-दहा वर्षांनी ते गेले, तेव्हा मी निवृत्त होऊन नगरला, सावेडीत लेकीजवळ राहायला आले होते. दफनविधी शाळेच्या आवारातल्या चर्चमध्ये झाला. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले. चर्च भरून बाहेर मांडव घालावा लागला. एका डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्याने भाषण केलं. फार सुंदर बोलला, माझंही नाव घेतलं. आणि म्हणाला, "फादरांच्या प्रयोगशाळेत एवढ्या वर्षांत एकाही मुलाला ओरखडा आला नाही. जो एक अपघात झाला तो फादर तिथे नसताना, कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे."

त्याला कुणीतरी असंच सांगितलं असणार. त्याची काही चूक नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. माझ्याच कागदातून ते निघालं होतं. त्यात आधी फक्त एक नाव गाळलं होतं. आता फादर तिथे नव्हतेच, असं झालं होतं. शवपेटीवर माती टाकताना माझ्या मनात फादरांसाठी प्रार्थना आलीच नाही. सगळा वेळ डोळ्यांपुढे ती गिरणी होती, जी मी कधी पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी मी एसटीने सोनईला गेले. बाजाराच्या पुढे विचारत विचारत गिरणी सापडली. बाहेर डब्यांची रांग, आत पिठाने पांढरा झालेला माणूस. तेच प्रणालीचे वडील. मला बघून त्यांनी पट्टा उतरवला, बटण बंद केलं. एकदम शांतता झाली.

"बाई, तुमी? बसा." त्यांनी पोत्यावरचं पीठ झटकून जागा केली.

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. फादरांचं विसरणं, चिठ्ठ्या, सिस्टरांना दिलेलं उत्तर, पाण्याचा जग, तो कागद. बोलताना मध्येच थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही असं वाटून न थांबता बोलले. ते हातातला ब्रश फिरवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले,

"मला ठावं हाय."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"पोरीनं दवाखान्यातच सांगितलं हुतं. म्हनली, अण्णा, फादरचं नाव कुटं घिऊ नका. त्यांना कायबी आठवत न्हाई, त्यांना उगं लई वंगाळ वाटंल. मग मी गप ऱ्हायलो. लोक म्हनायचे, पोरगी आगाव हुती. सोयरिकीला मान्सं आली तरी तेच इचारायची, बाटली हिनंच काढली हुती ना? म्या ऐकून घेतलं. पोरीचा शबुद हुता."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण ते अजून थांबले नव्हते.

"फादरचं म्या समजलो, बाई. त्यांना आठवत न्हवतं. पन तुमाला तर आठवत हुतं ना? म्या तिच्या आईला म्हनायचो, शाळंतून कुनी आलं न्हाई तरी त्या बाई येतील. पयल्या वर्षी वाट पाह्यली. दुसऱ्याबी वर्षी पाह्यली. मंग सोडून दिलं."

ते रागाने बोलत नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. बाहेर एक म्हातारी डबा घेऊन आली होती, तिला त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली.

मी म्हटलं, "अण्णा, मी आता लिहून देते. तुम्ही म्हणाल तिथे देते."

त्यांनी गिऱ्हाइकांची नावं लिहायच्या वहीतून एक कोरा कागद फाडून दिला. मी तिथेच, पिठाच्या डब्यावर ठेवून लिहिलं. या वेळी कुणी सांगत नव्हतं. बाटली फादर इनास यांनी काढली. ॲसिडमध्ये पाणी त्यांनी ओतलं. प्रणालीने बाटलीला हात लावला नव्हता, तिने फादरांना थांबवायचा प्रयत्न केला. फादरांना विस्मरणाचा आजार होता आणि हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. मुख्याध्यापिकांनी विचारलं असता मी खोटं सांगितलं. खाली सही केली, पूर्ण नाव, हुद्दा.

त्यांनी तो कागद हळूहळू, ओठ हलवत वाचला. घडी घालून वरच्या खिशात ठेवला. मग म्हणाले, "पाच वाजता नगरची गाडी हाय. लवकर जावा, जागा घावंल." चहाचं विचारलं नाही. सोनईसारख्या गावात दारी आलेल्या बाईला चहा विचारला नाही, याचा अर्थ मला कळत होता. मी स्टँडवर आले.

त्याच मजकुराची प्रत मी शाळेत पाठवली. सिस्टर मार्था बदलून गेल्या होत्या. नव्या मुख्याध्यापिकांचं एका ओळीचं उत्तर आलं, पत्र मिळालं, फाइलला लावलं आहे. त्या डॉक्टरांनाही मी फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, हे मला आधी माहीत असतं तर." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

महिनाभराने एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज लगेच ओळखला नाही, पोक्त झाला होता.

"मावशी, मी प्रणाली. अण्णांनी कागद वाचून दाखवला."

ती पुण्यात नोकरी करत होती, एका ऑफिसात, कॉम्प्युटरवर. मी विचारलं, "फार्मसीचं पुन्हा का नाही बघितलंस गं?" ती म्हणाली, "बाटली बघितली की हात कापायचे." मग तिने आपणहून विषय बदलला. माझी लेक कशी आहे, गुडघे कसे आहेत. तिला माझे दुखरे गुडघे आठवत होते. मी माफी मागायला लागले तशी तिने मला थांबवलं.

"मावशी, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अख्ख्या बॅचला. सकाळी चिठ्ठी तुम्ही ठेवता, हेही माहीत होतं. मी एकदा लवकर येऊन बघितलं होतं. आम्ही आपसात ठरवलं होतं की फादरांना हसायचं नाही आणि घरी कुणी सांगायचं नाही."

"मग तुम्ही कुणी बोलला कसं नाहीत?" मी विचारलं. विचारल्यावर मलाच लाज वाटली.

"काय बोलणार? आम्हाला भीती वाटलीच नाही कधी. वाटायचं, मावशी आहेत ना."

तिकडे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते, कुणीतरी तिला हाक मारत होतं. मी घाईने म्हटलं, "नगरला आलीस की ये गं घरी. सावेडीतच आहे मी. जेवायलाच ये."

"बघू, मावशी," ती म्हणाली.

या गोष्टीला दुसरं वर्ष लागलं. ती आलेली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.